तीन नंबरच्या बाईंच्या थायरॉइडची चौकशी

माणूस स्वतः काहीही करत नाही, हे सत्य विज्ञानाला अलीकडे कळलं. आमच्या दाखले देणाऱ्या कार्यालयाला ते स्थापनेपासून ठाऊक होतं. अडचण एवढीच होती, की मग करतं कोण, हे कागदावर दाखवता येत नव्हतं. ती अडचण आरोग्य सप्ताहात व्याख्यान द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दूर केली.

त्या म्हणाल्या, शरीरात ग्रंथी असतात. त्या रक्तातून हार्मोन नावाचे निरोप धाडतात आणि त्या निरोपांवर माणूस वाढतो, चिडतो, भुकेजतो, पेंगतो. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती बाकीच्या बऱ्याच ग्रंथींना हुकूम सोडते.

"वाटाण्याएवढी?" आमच्या साहेबांनी विचारलं. "आणि सगळ्या ऐकतात?"

साहेब नव्वद किलोचे आहेत आणि त्यांचं शिपाईसुद्धा ऐकत नाही. उरलेलं व्याख्यान त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. मसुदा माझा. (उपअधीक्षक म्हणून मसुदे मीच करतो, साहेब स्वल्पविराम घालतात.) कर्मचाऱ्याच्या हातून काही घडल्यास त्याची जबाबदारी संबंधित ग्रंथीवर राहील. ग्रंथीचं नाव तीन दिवसांत ग्रंथी नोंदवहीत चढवावं. ग्रंथीला मेमो द्यायचा झाल्यास तो तिच्या वरिष्ठ ग्रंथीमार्फत द्यावा, आणि पोच म्हणून कर्मचाऱ्याने सही करावी. (ग्रंथींना सही करता येत नाही, असं डॉक्टरीणबाईंकडून लेखी घेतलेलं आहे.)

काय सांगू, कार्यालयाचा चेहराच बदलला! पहिल्या महिन्यात एकशे सेहेचाळीस नोंदी झाल्या. त्यांपैकी एक्क्याऐंशी अधिवृक्क ग्रंथीच्या, म्हणजे मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसून माणसाला खवळवते तिच्या. त्या एक्क्याऐंशीत चौसष्ट एकट्या साहेबांच्या. चाळीस स्वादुपिंडाच्या (जेवणानंतर टेबलावर डोकं टेकणे). उरलेल्या किरकोळ. भांडारपालांनी भांडारातून नाहीसे झालेले दोन पंखे वाढीच्या हार्मोनच्या नावावर टाकले. कसे, ते कोणाला कळलं नाही, पण नोंद मुदतीत होती.

मी हा प्रयोग घरीही करून पाहिला. आमटीवरून आवाज चढला तेव्हा सौ.ला शांतपणे सांगितलं, की मी ओरडलो नाही, अधिवृक्क ओरडली. "बरं," ती म्हणाली, "मग तिलाच वाढते. तुम्ही उठा." घरोघरी परिपत्रकं पोचायला अजून वेळ आहे.

आता खिडकी क्रमांक तीनच्या बाईंकडे येतो. बाई दोन वर्षांपूर्वी लागल्या, कायम व्हायच्या होत्या. घरी दोन मुली, कमावत्या त्या एकट्या. पहिलं वर्ष चांगलं काम केलं. मग काय झालं कोण जाणे, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायला लागल्या. तोंड सुजलेलं, आवाज बसलेला. शिक्का उचलला की तो कागदावर येईपर्यंत समोरच्या माणसाची दाढी वाढावी. दोन मेमो झाले. तिसरा झाला की नोकरी संपणार, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

त्यांनी मुदतीत नोंद केली: थायरॉइड. सोबत तपासणीचा अहवाल जोडला. जोडायला नको होता. नुसत्या नोंदीवर भांडारपाल सुटले. बाईंनी पुरावा दिला आणि पुरावा आला की चौकशी आली. साहेब, भांडारपाल आणि मी अशी त्रिसदस्यीय समिती बसली.

अहवालात लिहिलं होतं: टीएसएच अडतीस. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अहो, टीएसएच म्हणजे पीयूषिकेचा थायरॉइडला निरोप, की काम कर," त्या म्हणाल्या. "एरवी चारेकपर्यंत असतो. थायरॉइड ढेपाळली, की पीयूषिका ओरडत सुटते. म्हणून अडतीस. त्या बाईंना ताबडतोब..."

एवढं पुरेसं होतं. मी आभार मानून फोन ठेवला.

समितीत मी आकडा वाचून दाखवला. "चार स्मरणपत्रांत व्हायचं काम," साहेब हळूच म्हणाले, "आणि अडतीस पाठवावी लागली? तरी ढिम्म?" त्या वाटाण्याएवढ्या वरिष्ठाचं दुःख त्यांना कळत होतं. "उपअधीक्षक, हा आजार नाही. ही अवज्ञा आहे."

बाईंना बोलावलं. त्या उभ्याच राहिल्या. "साहेब, मी आळशी नाही हो," त्या म्हणाल्या. "सकाळी उठताना अंगावर कोणी पोतं टाकल्यासारखं होतं. धाकटीची वेणी घालताना हात वर राहत नाही माझा. मी काय मुद्दाम करते?"

"तुम्ही नाही, तुमची थायरॉइड मुद्दाम करते," भांडारपालांनी समजुतीच्या सुरात सांगितलं.

बाई रडायला लागल्या. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अश्रुग्रंथीला नळी असते आणि आमचं परिपत्रक फक्त विनानळीच्या, थेट रक्तातून निरोप धाडणाऱ्या ग्रंथींना लागू आहे. रडणं विचारात घेता आलं नाही.

"उपचार काय घेता?" मी विचारलं.

"रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. थायरॉइड जे बनवत नाही, ते त्या गोळीत असतं."

समिती एकमेकांकडे पाहायला लागली. म्हणजे मूळ कर्मचारी जागेवर बसलेला असताना त्याचं काम बाहेरून करून घ्यायचं! याला पूर्वपरवानगी लागते. तसं मी सांगितलं. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच जरा जोरात म्हणाल्या, "साहेब, तुमची परवानगी येईपर्यंत मी जगायचं की नाही? आठवडा झाला, गोळी सुरू केली मी."

तिसरा मेमो तयार झाला. पण तो थायरॉइडला पीयूषिकेमार्फत द्यायचा होता, आणि पीयूषिकेच्या कार्यालयाचा पत्ता मिळवण्यात दोन महिने गेले. (डॉक्टरीणबाई आमचा फोन उचलत नव्हत्या.)

त्या दोन महिन्यांत बाईंचा स्वेटर उतरला. चेहऱ्याची सूज गेली. तासाला चार दाखले निघायचे तिथे एकोणीस निघायला लागले. एके दिवशी त्या खिडकीत बसून चक्क हसल्या, आणि समोरचा माणूस आपण चुकीच्या कार्यालयात आलो म्हणून परत गेला. नवा अहवाल आला: टीएसएच तीन.

"तीन!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "चारसुद्धा नाही! मेमो निघतोय म्हटल्यावर कशी सुतासारखी सरळ आली!" समितीने एकमताने नोंदवलं, की मेमोच्या नुसत्या मसुद्याचा थायरॉइडवर इष्ट परिणाम झाला आहे. तिन्ही मेमो मागे घेण्यात आले. बाईंना कायम करावं, अशी शिफारस मी स्वतः केली आणि साहेबांनी ती एकही स्वल्पविराम न घालता मंजूर केली.

सगळं सुरळीत झालं असतं. पण कायम करताना जनतेची एकही तक्रार नसावी, असा नियम आहे. म्हणून मी तक्रारवही मागवली. दोन वर्षांत त्या वहीत एकच तक्रार आहे.

तारीख बाई सर्वांत आजारी होत्या त्या आठवड्यातली. मजकूर असा: 'तीन नंबरची बाई कामावर झोपा काढते. वीस मिनिटं उभा आहे. हिला घरी बसवा.' पेन इतकं दाबलंय, की कागद फाटलाय. सही तुमची आहे.

आता असे दचकू नका. त्या दिवशी तुम्हाला घाई होती, ऊन होतं, डोकं तापलं होतं, हे सगळं मला मान्य आहे. बाई स्वेटरमध्ये कुडकुडत होत्या, हे तुम्ही पाहिलंत का, तेही मी विचारत नाही. फक्त तक्रार मागे घ्यायचा अधिकार एकट्या तक्रारदाराला आहे आणि मुदत शुक्रवारपर्यंत आहे. नंतर आमचा नाइलाज. अर्ज खिडकी क्रमांक तीनवर स्वतः येऊन द्यावा लागतो. शिक्का मारून द्यायला बाई आता अर्धं मिनिटसुद्धा लावत नाहीत.

तेवढं अर्धं मिनिट त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे. आणि तिथे अधिवृक्क ग्रंथीचं नाव सांगू नका. परिपत्रक फक्त कर्मचाऱ्यांना लागू आहे. तुम्ही लिहिलंत, ते तुम्हीच लिहिलंत.