आत्या ऑफलाइन आहे

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी नेमकी कोणत्या प्राण्याची याबद्दल घरात एकमत नाही. मी मालोजी, बंगळूरच्या इंदिरानगरमधला एकमेव मराठी डिटेक्टिव्ह. दुसरा कोणी असलाच तर तो मला अजून सापडलेला नाही, यावरून तो किती हुशार असेल याची कल्पना यावी. पोटासाठी मी हेब्बाळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. माझ्या चुका शोधायला माझी धाकटी बहीण मैत्रेयी आहे. ती माझी सहायक आहे. हे तिला मान्य नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर सुनंदा अक्का राहतात. मूळच्या निपाणीच्या, पण सगळा जन्म बंगळुरात गेला. नागपूरला त्यांच्या धाकट्या भावाला बाळ झालं होतं आणि त्या रविवारी बारसं होतं. आता बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. आणि आत्या कुठे? इंदिरानगरला, नव्या गुडघ्यासकट खुर्चीत. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली. म्हणून ठरलं, की आत्या व्हिडिओ कॉलवरून कुर्र करणार. नाव त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

"मुहूर्त अकराचा," अक्का मला म्हणाल्या होत्या. "आत्या दिसली नाही तर मावशी सांगणार म्हणे नाव. आर्या. भावजयीची बहीण. टपून बसलीय ती."

अडचण एवढीच, की अक्कांचा लॅपटॉप त्या शाळेत शिकवत होत्या त्या काळातला. सुरू करून चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळावा, तरी पडद्यावर घड्याळ गरगरतंच. नवं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर त्याने घ्यायलाच नकार दिला. वायफायही त्याला जुन्या पद्धतीचंच कळत होतं.

"दोन दिवस द्या," मी म्हणालो. "याला तरुण करतो."

आणि केला. नवी रॅम घातली, नवी डिस्क घातली, वायफायचं नवं कार्ड बसवलं, नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. झाकण लावल्यावर दोन स्क्रू उरले. एक मी पुरावा म्हणून खिशात ठेवला. दुसरा केबल लावायच्या भोकात पडला आणि तिथेच स्थायिक झाला. पण आता वायरलेस असताना केबल हवीय कोणाला?

रविवारी सकाळी वायफाय फुर्र लागलं. अक्का हरखल्या. मी विजयी वीरासारखा वर जाऊन इडल्या खाल्ल्या. परत आलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि लॅपटॉप म्हणत होता, की जवळपास एकही वायरलेस नेटवर्क नाही. इंदिरानगरात! इथे उघड्या खिडकीतून एक वेळ वारा येणार नाही, पण वीसजणांचं वायफाय येतं.

अक्का इरकल नेसून, गजरा माळून तयार होत्या. शेजारी निरांजन, हळदीकुंकू, फुलं. लॅपटॉपच्या झाकणावर स्वस्तिक, पुढच्या कडेवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली आणि चार पायांखाली चार लिंबं. नवी गाडी घेतल्यावर करतात तशी यथासांग पूजा.

"नवीनच झाला म्हणायचा की आता," अक्का म्हणाल्या. "म्हणून केली स्वल्प पूजा."

मी ते दृश्य डोळे भरून पाहिलं आणि तपासाशी त्याचा काहीही संबंध नाही हे ओळखून बाजूला सारलं.

"दादा, माझ्या फोनवरून करूया ना," मैत्रेयी म्हणाली.

अक्कांनी तिचा फोन हातभर लांब धरून पाहिला. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा आहे. "यात पाळणा केवढा दिसणार गं? काडेपेटीएवढा. बाळ कुठलं नि उशी कुठली कळायचं नाही. मला नाकडोळे बघायचेत. भावावर गेलंय का ते बघायचंय."

"अक्का, काळजी नको," मी म्हणालो. "संशयित माझ्या डोक्यात आहे."

"तिथून बाहेर काढ लवकर," मैत्रेयी म्हणाली.

पहिला संशयित अभिजीत, तळमजल्यावरचा भाडेकरू. मी दार वाजवलं. तो दात घासत बाहेर आला.

"आज सकाळपासून तू कोणाचं वायफाय वापरतोयस?"

"अक्कांचं."

इतक्या लवकर कबुली मिळेल अशी तयारी नसल्याने माझा पुढचा प्रश्न वाया गेला.

"त्यांनीच पासवर्ड दिलाय," तो फेस सांभाळत म्हणाला. "आताही पिक्चर बघतोय. एकदम मस्त चालू आहे."

मी वर येऊन जाहीर केलं, "संशयित निर्दोष."

"म्हणजे वायफाय चालू आहे," मैत्रेयी म्हणाली.

"तो तपशील झाला."

दुसरा संशयित तांब्याचा हंडा. पाणी लहरी शोषून घेतं हे मी कुठेतरी वाचलं होतं. राउटर आणि लॅपटॉप यांच्या मधोमध अक्कांचा भरलेला हंडा होता. मी तो उचलून न्हाणीघरात नेला. वाटेत अर्धा सांडला. लहरी तिथेच राहिल्या, आता फरशीवर.

"काय करालास रे मालोजी?" अक्का ओरडल्या.

"अडथळे दूर करतोय."

"मग तू पण जाऊन उभा रहा न्हाणीत."

तिसरा तर्क मानसशास्त्रीय होता. नवी सिस्टिम आणि जुनं यंत्र यांचं पटत नसणार, नव्या सुनेनं आल्या आल्या फर्निचर हलवावं तसं काहीतरी झालं असणार. मी वायफायचं ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. मग पुन्हा काढलं. अकराला थोडाच वेळ उरला. गजरा सारखा करायच्या निमित्ताने अक्कांनी डोळे पुसले, आणि ते मात्र माझ्या घारीच्या नजरेला दिसलं. त्यानंतर मला विनोद सुचेना.

तेवढ्यात अक्कांचा बटणांचा फोन वाजला. मावशी! अक्कांनी स्पीकर लावला.

"ताई, कुठे आहात? गुरुजी घाई करताहेत. मी सांगून टाकू का नाव?"

"तुला कुठं माहितीय नाव?"

"म्हणूनच म्हणते, या ना लवकर! इथे सगळे तोंडाकडे बघताहेत माझ्या."

"हा लॅपटॉप म्हणतोय, बंगळुरात वायफायच नाही. जुना गं माझा, काळा, जाडजूड."

"पुढच्या कडेला गोल कोपरे? अहो, तसाच होता माझ्याकडे! त्याच्या कडेवर एक बारकं सरकवायचं बटण असतं, वायफायचं. शेजारी छोटा दिवा. निळा असला तर चालू, केशरी असला तर बंद. कुठला रंग आहे?"

अक्का वाकल्या. "कुंकवाचा."

मैत्रेयीने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातल्या स्क्रूकडे पाहिलं. तिने अक्कांच्या पदराचा कोपरा मागून घेतला आणि कडेवरची पाच बोटं पुसली. खालून एक नखाएवढं बटण निघालं आणि एक दिवा. केशरी. पूजा करताना ओढलेल्या बोटाने ते सरकलं होतं. तिने परत सरकवलं. दिवा निळा झाला. वीसच्या वीस वायफाय धावत आले.

"मी त्याच दिशेने चाललो होतो," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

पडद्यावर आख्खा पाळणा उगवला. नाकडोळ्यांसकट. "अय्यो," अक्का हळूच म्हणाल्या, "नाक आमचंच की!" तिकडे कोणीतरी फोन बाळाच्या कानाला लावला. अक्का लॅपटॉपची कड घट्ट धरून पुढे झुकल्या आणि कुजबुजल्या, "कुर्र..."

"अहो, आत्याच्या पाठीत धपाटे घाला कोणीतरी!" पडद्यातून मावशी ओरडली. "त्याशिवाय बारसं कसलं!"

अखेर मला जमेल असं काम निघालं होतं. नाव सांगून होताहोता मी अक्कांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. अक्का हेलकावल्या, कडेवरचं बोट सरकलं, आणि पडदा मावशीच्या उघड्या तोंडासह गोठला.

दिवा केशरी.

आता परिस्थिती अशी होती, की नागपुरात ते नाव फक्त एकाच व्यक्तीला ठाऊक होतं, आणि ती पाळण्यात झोपली होती. बटणांचा फोन लगेच वाजला. "ताई! नाव काय?"

"फोनवर नाही सांगणार. दिसू दे मला तुम्ही सगळे." अक्का पाठ चोळत माझ्याकडे वळल्या. "तू डिटेक्टिव्ह ना रे? मग ओळख बघू नाव."

मी क्षणभर डोळे मिटले. सगळे धागे जुळवले. लॅपटॉप कोणी तरुण केला? हंडा कोणी वाहिला? कृतज्ञ आत्या कोणाचं नाव ठेवील?

"मालोजी," मी नम्रपणे म्हणालो.

"दादा," बटण सरकवत मैत्रेयी म्हणाली, "मुलगी आहे ती."