'या' म्हणायचं राहिलं

पुंडलिकभाऊ मेसेज टाकतात आणि तो टाकल्याचं सांगायला स्वतः येतात. आमच्या कापसाच्या जिनिंगचा वजनकाटा, म्हणजे भाऊंची जागा, फाटकाशी आणि ऑफिस पार दुसऱ्या टोकाला. मधलं कापसाच्या ढिगांचं आवार उन्हात ओलांडून ते माझ्या टेबलाशी उभे राहतात, दुपट्ट्याने घाम पुसतात आणि म्हणतात, "साहेब, मेसेज टाकला. पाहून घेजा."

"काय टाकलंय?"

"ते तुमी वाचा ना बाप्पा. मी तोंडानं सांगतलं तं त्या मशीनचा काय उपेग?"

मेसेज असतो, 'गाडी आली.' गाडी तोवर रिकामी होऊन परत निघालेली असते.

हे 'मशीन' म्हणजे आमच्या शेठजींनी ओळखीतून आणलेलं एक नवं ऑनलाइन प्रकरण. अजून सगळ्यांसाठी खुलं झालेलं नाही. काही ऑफिसांना आधी वापरून बघायला दिलंय. निरोप, कागद, कामं, सगळं एकाच ठिकाणी, असा त्याचा दावा. नावापुढे हिरवा ठिपका दिसला की माणूस हजर समजायचा. कोणी लिहायला घेतलं की तेही सगळ्यांना दिसतं. वापरून झाल्यावर ते बनवणाऱ्या कंपनीला 'पहिलं मत' लिहून पाठवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला नाही म्हणता येत नाही. समुद्रपूरहून रोज एसटीने येऊन-जाऊन मी आधीच पिचलेला, त्यात दिवसभर ती टुंग टुंग. माझं मत पहिल्याच आठवड्यात तयार झालं होतं : पूर्वी माणसं नुसती तोंडी त्रास द्यायची, आता लेखीही देतात.

त्यात भाऊंचा वाटा मोठा. एके दिवशी मी 'काटा चालू आहे का?' असं विचारलं, तर पडद्यावर उमटलं, 'पुंडलिकभाऊ लिहीत आहेत.' चहा आला, पिऊन झाला, कप गेले, तरी भाऊ लिहीतच होते. अकाउंटच्या वंदनाताई म्हणाल्या, "राजीनामा लिहून राह्यले काय भाऊ?"

सकाळीच मी त्यांच्यावर खेकसलो होतो. म्हातारपणी माणसाची नोकरी आपल्या तोंडापायी गेली तर? शेवटी एकदाचं उत्तर आलं, 'हो.' पाठोपाठ भाऊही आले.

"एवढा वेळ काय लिहीत होता भाऊ?"

"लय लिवलं होतं. मंग वाटलं, तुमी कामात असान. पुसून टाकलं."

एकदा मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं, तर भाऊ दुखावलेल्या चेहऱ्याने दारात. "मले काऊन अंगठा दाखवला साहेब? सातवी पास हाओ मी. सही करतो." मी माफी मागितली. त्यांनी लगेच दिलीही. आपल्याला मात्र दिवसभर चुटपुट.

पण खरा जाच संध्याकाळी. सुटायची वेळ झाली की भाऊ सगळ्यांना दिसेल असं लिहायचे, 'येतो मंग.' आमच्याकडे निघणारा 'येतो' म्हणतो आणि दारातलं माणूस 'या' म्हणतं. इथवर ठीक. पण उत्तर आलं नाही की थोड्या वेळाने पुन्हा 'येतो मंग.' मग 'येऊ काय?' तोवर आम्ही बस धरायला पळालेले. मी तर भाऊंच्या मेसेजचा आवाजच बंद करून टाकला. 'पहिल्या मता'तही लिहिलं, 'काट्यावर या सोयीची गरज नाही. तेथील खाते बंद करावे.' शेठजी म्हणाले, "ठीक आहे, काढून टाकू त्यांना. पाठवा उद्या."

त्या संध्याकाळी मी जेवणाचा डबा ऑफिसात विसरलो. बसस्टॉपवरून परत आलो, तर काट्याच्या खोलीत दिवा चालू. पायात जोडे, खांद्याला पिशवी आणि समोर मोबाइल ठेवून भाऊ बसलेले.

"काऊन भाऊ, गेले नाई अजून?"

"निंगालोच हाओ. कोनी 'या' म्हटलं नाई ना."

मी वैतागलो. दमलो होतो. "अहो भाऊ, ते मशीन आहे. त्याला सांगून जायची गरज नसते. बंद करायचं अन् निघायचं."

"मशीन हाय, पन त्यातले मानसं तं आपलेच हायेत ना?" भाऊ हसले. मग पिशवीचा बंद नीट करत म्हणाले, "सुमन 'या बरं' म्हने, मंगच माहा पाय घराभाईर पडे. एकडाव ती न्हात होती, तसाच निंगालो. अर्ध्या रस्त्यातून वापस गेलतो. लय हासली. आता कुलूप लावतो अन् येतो. कुलूप थोडीच म्हनते, या."

सुमनकाकू गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. मी मातीला गेलो होतो. तेराव्याला गेलो नाही. बस चुकली, असं सांगितलं होतं.

मी बाहेर येऊन फाटकाच्या दिव्याखाली उभा राहिलो. आधी मोबाइलवर ते 'पहिलं मत' उघडलं आणि काट्याबद्दलची ओळ काढून टाकली. 'आणखी कोणती सोय हवी?' असा एक रकाना मी कोरा ठेवला होता. तो कोराच राहू दिला. हवं ते त्या कंपनीला समजावता आलं नसतं. मग भाऊंच्या 'येऊ काय?'खाली लिहिलं, 'या भाऊ. सावकाश या.'

आणि मागे वळून पुन्हा खोलीच्या दाराशी गेलो.

"भाऊ, मेसेज टाकला. पाहून घेजा."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. खिशातून चष्मा काढला, दुपट्ट्याने पुसला, ओठ हलवत ती एवढीशी ओळ वाचली. मग मान खाली घालून एका बोटाने उत्तर लिहायला घेतलं. माझ्या हातातल्या मोबाइलवर उमटलं, 'पुंडलिकभाऊ लिहीत आहेत.'

रस्त्यावर समुद्रपूरची बस थांबली, हॉर्न देऊन निघून गेली. भाऊ लिहीतच होते. मी दारात उभा राहिलो.