चौऱ्याण्णव टक्क्यांचं स्थळ

अक्षयने मोबाईलवरचा पहिला प्रश्न मोठ्याने वाचला आणि तिथेच चुकला. मनातल्या मनात वाचला असता तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण त्या घरात मनात वाचायची पद्धतच नाही. बारशाची पत्रिका आली तरी ओसरीवर उभं राहून वाचतात, म्हणजे शेजाऱ्यांनाही तारीख कळते.

प्रश्न होता, ‘अनोळखी लोकांत तुम्ही स्वतःहून बोलायला सुरुवात करता का?’ अक्षय विचारात पडला. विचारात पडणं हा त्याचा जुना रोग. मारेगावच्या बाजारात चप्पल घ्यायला जायचा आणि सगळी दुकानं पाहून जुन्याच चपलेत घरी यायचा. बाकी पोरगा सोन्यासारखा. कापूस, तूर, विहिरीला पाणी, सुपारीचंही व्यसन नाही. पण वय बत्तीस, आणि सहा वर्षांपासून प्रत्येक मुलीकडून एकच निरोप येत होता : मुलगा चांगला आहे हो, पण नोकरी नाही.

त्यात समाजाच्या वधू-वर मंडळाने नवीन खूळ काढलं. पत्रिका झाली, फोटो झाला, सातबारा झाला, आता म्हणे स्वभाव चाचणी. जो चाचणी भरणार नाही त्याचा बायोडाटा ग्रुपवर टाकणार नाही. अहो, माणसाचा स्वभाव कळायला त्याच्या शेजाऱ्याला विचारावं, फुकटात आणि सविस्तर सांगतो. पण मंडळापुढे शहाणपण कोणाचं चालतं? भरा म्हटलं की भरायचं.

“बोलतो म्हणून लिही,” खुर्चीतून पुंडलिकराव म्हणाले. ते अक्षयचे वडील. प्रश्न कोणालाही विचारलेला असो, उत्तर त्यांचंच असतं.

आतून अक्षयच्या आईने, शकुबाईंनी सुनावलं की खोटं लिहू नका, चुलतभावाच्या लग्नात हा पोरगा दिवसभर आचाऱ्यामागे लपून बसला होता. पुंडलिकराव म्हणाले, खरं लिहून पाहिलं सहा वर्षं, काय झालं? तोवर अक्षय दुसऱ्या प्रश्नावर अडकला होता. ‘निर्णय तुम्ही डोक्याने घेता की मनाने?’

“बाबा, म्या आजवर निर्णय घेतलाच कुठं?”

“अशानं तुयं लगन म्हातारपणी होईन. आण तो फोन इकडं.”

पुढचे सगळे प्रश्न पुंडलिकरावांनी एका दमात उरकले. फसवायचं असं त्यांच्या मनातही नव्हतं. जमीन जशी बापाची पोराला येते तसा स्वभावही येतो, अशी त्यांची साधी समजूत. निकाल आला : ‘सेनापती. जन्मजात नेता. झटपट निर्णय. दुसऱ्याचं ऐकून घेण्याची सवय कमी.’ पुंडलिकरावांनी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मिशीवरून हात फिरवला. शकुबाई एवढंच म्हणाल्या की शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे, पण माणूस चुकला.

चारच दिवसांत मंडळाचा मेसेज आला. केळापूरची निकिता, पांढरकवड्याच्या लॅबमध्ये नोकरी, स्वभाव सेनापती. जुळणी चौऱ्याण्णव टक्के. मंडळाच्या इतिहासात एवढी जुळणी झाली नव्हती म्हणे. मंडळाचा इतिहास दीड महिन्याचा, पण ते सोडा. घरात आनंदीआनंद झाला. एकटा अक्षय घाबरला, कारण आता त्याला रविवारपर्यंत सेनापती व्हायचं होतं.

पुंडलिकरावांनी तालीम सुरू केली. मान वर, आवाज मोठा, आणि तिथं पोचल्यावर आधी आपण बोलायचं. गाडीत मारेगाव सोडल्यापासून केळापूर येईपर्यंत अक्षय खिडकीबाहेर पाहून हुकूम देत होता. घरात पाय ठेवला आणि समोर जे गृहस्थ दिसले त्यांना तो खणखणीत आवाजात म्हणाला, “बसा.” ते निकिताचे वडील होते आणि घर त्यांचंच होतं. ते बिचारे बसले. बसायला सांगितलं की बसायचं, ही सवय त्यांच्या अंगात मुरली असावी, कारण तेवढ्यात निकिताची आई तानाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी नवऱ्याला उठायला सांगितलं. ते उठले.

तानाबाईंची पिठाची गिरणी. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची त्यांना सवय होती, आणि गिरणी बंद असली तरी आवाज उतरत नसे. त्यांनी आणि पुंडलिकरावांनी बसल्या बसल्या सरपंच, पाऊस आणि आजकालची पोरं असे तीन विषय निकालात काढले. दोघांचं प्रत्येक बाबतीत एकमत. शकुबाई आणि निकिताचे वडील एकमेकांकडे पाहून नुसते हसले. बोलायला जागाच नव्हती.

निकिता पोहे घेऊन आली. तिलाही घरून तालीम मिळालेली दिसत होती. बशी पुढे करून ती कडक आवाजात म्हणाली, ताटात टाकायचं नाही, सगळं संपवायचं. अक्षयने मिरच्यांसकट संपवलं. मग डोळ्यांतलं पाणी पुसत त्याने जाहीर केलं की घरात आपलाच शब्द चालतो. निकिताने जाहीर केलं की आपलाही चालतो. दोघांना घाम फुटला होता. पुंडलिकराव आणि तानाबाई मात्र कौतुकाने माना डोलावत होते. मग पोरांना बोलायला मागच्या अंगणात पाठवण्यात आलं.

 अंगणात एक बकरी दोघांकडे पाहत उभी होती.  पोरगी अक्षयला आवडली होती, आणि म्हणूनच पुढचं वाक्य गिळवत नव्हतं. ते बोललं की हेही स्थळ गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“तुमाले फसवून लगन नाई करायचं मले. तो फारम म्या नाई भरला. बाबानं भरला.”

निकिता धुण्याच्या दगडावर मटकन बसली. “म्हणजे तुम्ही हुकूम नाई सोडत घरात?”

“मले कोणी इचारतच नाई.”

“माझा आईनं भरला,” ती हळूच म्हणाली. “मी ड्युटीवर होती.”

मग दोघांनी तिथंच बसून आपापली चाचणी आपापल्या हाताने भरली. अक्षयला वेळ लागला, पण मधे कोणी बोललं नाही. निकाल आला : ‘शांत निरीक्षक. आधी ऐकतो, मग सावकाश ठरवतो.’ अक्षयला एकदम भरून आलं. बत्तीस वर्षांत घरच्यांना जे दिसलं नाही ते एका फोनला दिसलं होतं, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. निकिताचा स्वभाव निघाला ‘जपून पावलं टाकणारी’. जुळणी एकेचाळीस टक्के. खाली सल्ला होता, घाई करू नये.

आत येऊन अक्षयने सगळं सांगून टाकलं.  पुंडलिकरावांना आधी काही उमगेना.

“मंग ते चौऱ्याण्णव टक्के जुळलं कोनाचं?”

“तुमचं न इहीणबाईचं,” शकुबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की निकिताच्या वडिलांना पाणी आणावं लागलं.

पुंडलिकराव लाल झाले. एकेचाळीस टक्क्यांवर आपण पोराचं लग्न करणार नाही, म्हणाले. तानाबाई कडाडल्या, पस्तीसला पोरं पास होतेत, तुमची कोणती शाळा होती? त्यावर पुंडलिकराव काही बोलणार, एवढ्यात अक्षय म्हणाला, “मले चालते.” कोणाला न विचारता म्हणाला. निकिता म्हणाली, “मलेही.”

झालं, सोयरीक ठरली. राहिली फक्त तारीख, आणि ती काढायला बसले ते चौऱ्याण्णव टक्केवाले. कापूस घरात आल्याशिवाय लग्न नाही, असं पुंडलिकरावांचं म्हणणं. तुळशीचं लग्न आटोपलं की आठ दिवसांत, असं तानाबाईंचं. मंडप तुमच्या दारी की आमच्या, वरात ट्रॅक्टरवर की गाडीत, जेवणात वांग्याची भाजी की नाही. एकाही गोष्टीवर जमेना. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? चहा दोनदा झाला, उन्हं उतरली, गिरणीपाशी दळणवाल्या बायका खोळंबल्या, आणि पुंडलिकराव खांद्यावर दुपट्टा टाकून उठले आणि म्हणाले, मोडलं समजा. शकुबाईंचा चेहरा उतरला. सहा वर्षांनी दारात आलेलं लग्न डोळ्यांदेखत परत निघालं होतं.

तेवढ्यात मघाशी पुन्हा अंगणात जाऊन बसलेले अक्षय आणि निकिता आत आले. लॅबमधली सुट्टी आणि कापसाची वेचणी दोन्ही पाहून त्यांनी माघातला एक गुरुवार काढला होता. मंडप मुलीच्या दारी, वरात ट्रॅक्टरवर, वांग्याची भाजी करायची. अक्षयने हे सगळं एका दमात सांगितलं.

पुंडलिकराव आणि तानाबाई एकाच वेळी कडाडले, “आमाले न इचारता?”

दोघांचे शब्द तेच आणि चढा सूरही तोच. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेजारी शेजारी बसले. निकिताच्या वडिलांनी कोणी न सांगता साखर वाटली.