इनासकाकांचा डोंगरी चहा

आखातात, गुदैबियातल्या आमच्या खोलीत इनासकाका चहा करायला लागले की बाकी तिघांना तोंड उघडायची बंदी. "गप! फूल ऐकतंय," म्हणायचे. आणि आम्ही, दिवसभर ट्रक हाकणारे दांडगे बाप्ये, खरंच गप बसायचो.

काका वसईचे, जहाजदुरुस्तीच्या गोदीत फिटर. ऐंशी सालच्या सुमारास एका ग्रीक बोटीच्या इंजिनियरने त्यांना सुक्या काड्यांची जुडी दिली. लवदार पानं, पिवळट फुलं, दिसायला तुळशीच्या मंजिऱ्या. तिकडच्या डोंगरांतले धनगर म्हणे पिढ्यान्‌पिढ्या याचाच चहा पितात; सर्दी, खोकला, पोट, झोप, सगळ्यावर. बोट दरवर्षी यायची, जुडी यायची, आणि काका फिटरचे वैद्य झाले. भिंतीपलीकडचा खोकला ऐकून "सुका आहे, दोन काड्या" असं सांगायचे. मी थक्क व्हायचो.

एकदा मी आपल्या पद्धतीने आलं, साखर, दूध घालून तो चहा खळखळ उकळला. काकांनी पातेल्यात पाहिलं आणि मयताला आल्यासारखी डोक्यावरची टोपी काढली. "मारलंस रे त्याला!" दोन दिवस माझ्याशी अबोला.

पुढे मलाच खोकला धरला. व्हिसाच्या मेडिकलला आठ दिवस होते. नापास झालो तर यल्ला, चालू पड, चिपळूण! तिथे माझ्या नोकरीच्या भरवशावर बहिणीचं लग्न ठरलेलं. डॉक्टरचं औषध चालूच होतं. पण शिफ्टच्या आधी आणि नंतर काका वंगणाने काळ्या झालेल्या बोटांनी काड्या मोडत, वर झाकण ठेवत आणि कप माझ्या हातात देत. गुण कशाचा, देव जाणे. मी पास झालो.

हलव्याचा डबा घेऊन धावत खोलीवर आलो. काका सुट्टीवर जायची बॅग भरत होते. चहाची बरणी रिकामी.

"पुन्हा येईल की बोट," मी म्हटलं.

"इंजिनियर रिटायर झाला. खलास. शेवटची जुडी तुझ्या काकूला, रोझीला नेणार होतो. हिवाळ्यात दम लागतो तिला."

"मग मला कशाला पाजलीत?"

"तिला दोन सुना आहेत, अख्खी आळी आहे. तुला इथं कोण?" काका शर्टाची घडी घालत राहिले. "पहिल्या वर्षी मी तापाने पडलो ना, पाणी द्यायला कुणी नव्हतं रे."

हलव्याचा डबा मी त्यांच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, रोझीकाकूंसाठी ठेवला.