तरफदारांच्या सिंकचं तिसरं कोटेशन

जमाईषष्ठी चार दिवसांवर आली आणि तरफदारांच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. तुंबेल नाही तर काय! दोन्ही वेळा भात वेळून पेज त्यात ओतायची, मागोमाग माशांचे खवले, आणि वरून मोहरीचं तेल. सगळं कोलकाता हेच करतं आणि सिंक तुंबलं की सगळं कोलकाता नव्याने आश्चर्य करतं.

मालविकाबाईंच्या लेकीचं, तितिरचं लग्न माघात झालेलं. जावयाची ही पहिलीच षष्ठी. या दिवशी सासूने जावयाला स्वतःच्या हातचं रांधून वाढायचं असतं. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीने, बुलूने, आपल्या जावयाला केटररचं जेवण घातलं, तेव्हापासून मालविकाबाई प्रत्येक लग्नकार्यात तिला हसत होत्या. आता बुलू हसणार होती.

"अहो, प्लंबर बोलवा."

"बोलवतो की. पण तीन कोटेशनं आल्याशिवाय काम कुणालाच द्यायचं नाही," अनादीबाबू म्हणाले.

अनादीबाबूंनी सरकारी खात्यात जन्मभर टेंडरं उघडली होती. निवृत्तीनंतर उघडायला काही उरलं नव्हतं. सिंक तुंबल्याचा त्यांना मनातून आनंदच झाला असावा.

पहिला प्लंबर खांद्यावर लोखंडी स्प्रिंग टाकून आला. सिंकमध्ये डोकावला. "पाचशे द्या, मेशोमशाय. आत्ता करतो."

"पाचशे कशाचे? जरा फोड करून सांग."

"फोड कसली? स्प्रिंग घालायची आणि फिरवायची."

त्याला वाटेला लावून अनादीबाबू बायकोला म्हणाले, "एवढं स्वस्त? नक्की काहीतरी काळंबेरं आहे."

दुसरा कुठल्याशा कंपनीचा होता. त्याने पाइपात कॅमेरा सोडला. पडद्यावर नुसता काळोख दिसला, त्याकडे बोट दाखवून त्याने फाटकापर्यंत फरशी फोडावी लागेल असं सांगितलं. "अठ्ठावीस हजार. टाइल्स तुमच्या पसंतीच्या, काका."

"दरोडेखोर आहे लेकाचा," तो गेल्यावर अनादीबाबू म्हणाले, "पण बोलतो किती मुद्देसूद!"

"मग त्या पाचशेवाल्यालाच बोलवा ना!"

"दोन कोटेशनांवर निर्णय होत नसतो, मालविका."

तिसऱ्याने आल्याआल्या आधीच्या दोघांनी किती सांगितले ते विचारलं. अनादीबाबू म्हणाले, ते गोपनीय असतं. "मग माझंही गोपनीयच," असं म्हणून तो निघून गेला. तिसरं कोटेशन राहिलं ते राहिलंच.

वरच्या मजल्यावरचे समाद्दारबाबू रोज चहाला आणि सल्ला द्यायला येत. "घाई करू नका, अनादीदा. ही जात लबाड." सहा महिने आपण उकडलेल्या पपईवर आहोत हेही ते रोज सांगत. त्यांच्या चहाचे कप मालविकाबाई न्हाणीघरात धुवायच्या. मासेही तिथेच धुतले, आणि मग न्हाणीघरही तुंबलं.

सिंकला तर कुणी हात लावत नव्हतं, तरी दुपार झाली की ते आपोआप भरायचं. षष्ठीच्या आदल्या दिवशी त्यात कोळंबीची सालं तरंगताना दिसली.

"आपल्याकडे कोळंबी कधी आली हो?" मालविकाबाईंनी विचारलं, आणि मग त्यांनी हळूच छताकडे पाहिलं. वरचा आणि खालचा पाइप एकच होता.

संध्याकाळी समाद्दारबाबू चहाला टेकले. त्यांच्यासमोर मालविकाबाईंनी सालांची वाटी ठेवली. "पपईला पाय फुटलेत वाटतं, दादा?"

समाद्दारबाबूंनी कप घाईघाईने खाली ठेवला.

"असू दे, कुणाला सांगत नाही. तुमचं सिंक चालू आहे ना? मग उद्या तुमचं स्वयंपाकघर माझं."

दुसऱ्या दिवशी मालविकाबाईंनी वर इलिश मासा रांधला, मटण रांधलं, डाळ, पाच तऱ्हेची भाजी, सगळं केलं. वर एक पातेलं विसळलं की खाली सिंकला भरती यायची. सासरेबुवा लुंगी खोचून हातात प्लास्टिकचा मग घेऊन उभे. उपसायचं, बादलीत ओतायचं, बादली मागच्या अंगणात रिकामी करायची, तोवर वरून पुन्हा पेज.

जावई अर्घ्य तितिरबरोबर दह्याचं मडकं आणि लिचीचा घोस घेऊन आला. तो जेवला मात्र असा, की मालविकाबाईंचे डोळे भरून आले. भात तिसऱ्यांदा मागून घेतला, इलिशचा काटासुद्धा चोखला. शेजारी समाद्दारबाबूही पपईची आठवण न काढता जेवत होते. बुलूला आजच फोन करायचा, असं मालविकाबाईंनी ठरवून टाकलं.

तेवढ्यात अर्घ्य हात धुवायला उठला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

"थांबा! हात धुऊ नका!" अनादीबाबू हातातला मग उगारून ओरडले.

जेवलेल्या जावयाला हात धुऊ न देणारा सासरा साऱ्या बंगालात पहिलाच असेल. मालविकाबाईंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण सिंकमध्ये डोकावलेल्या जावयाचा चेहरा एकदम खुलला.

"बाबा, तुमचंही?"

"तुमचंही म्हणजे?"

"आमचं महिनाभर तुंबलंय. घरात चूल पेटत नाही. ऑफिसखाली रोल खाऊन दिवस काढतोय मी. आज मांच्या हातचं जेवलो आणि जिवात जीव आला."

मालविकाबाई लेकीकडे वळल्या. "तितिर! महिनाभर? अगं, प्लंबर मिळत नाही का तिकडे?"

"मिळतात की. दोन कोटेशनं आलीसुद्धा," तितिर शांतपणे म्हणाली. "तिसऱ्यासाठी थांबलेय."

अनादीबाबूंचा ऊर भरून आला. हातातला मग खाली ठेवून ते लेकीजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "किती सांगतायत तिकडे?"

मालविकाबाईंनी जावयाच्या हातावर तांब्याने पाणी घातलं, पायात चपला सरकवल्या आणि तशाच तावातावाने नाक्यावर गेल्या. हार्डवेअरच्या दुकानासमोर बिडी ओढत बसलेला पहिला प्लंबर दिसला, त्याला त्यांनी दंडाला धरून उठवलं.

"आमचं घर आधी, मग माझ्या मुलीचं. चल."

"येतो, माशीमा, पण आधी दर—"

"दराचा शब्द काढलास," मालविकाबाई म्हणाल्या, "तर दारात उभा करणार नाही!"