रक्तांबरेचा नियम

कीर्तीच्या रक्तांबरेनं आजवर बेचाळीस माणसं मारली होती. खुद्द कीर्तीला झुरळ दिसलं, तर ते कागदावर घेऊन परड्यात सोडावं लागे, तेही डोळे मिटून. रक्तांबरा म्हणजे तिच्या चित्रकथांमधली सुपारी घेणारी बाई. आता पुण्याची एक कंपनी तिच्यावर सिनेमा काढणार होती. दिग्दर्शक शंभूराज यांची अट एकच: शनिवारपर्यंत शेवटचं प्रकरण हवं आणि त्यात खलनायक वीरधवल मेलाच पाहिजे. नाहीतर त्यांच्याकडे दुसरा लेखक तयार होता.

मंगळवारी पर्युषण सुरू झालं. तासगावच्या जैन मंदिरात महाराजांनी सगळ्यांना नियम दिला, तेव्हा कीर्ती आपल्या वर्षभराच्या लेकीच्या, सुंदरीच्या तोंडातून पूजेचे तांदूळ काढत होती. लोकांनी हात जोडले, हिनंही जोडले. घरी येताना तिनं सासूबाईंना हळूच विचारलं, "आत्ती, नियम कशाचा हुता?"

"धा दिवस हिंसा न्हाई," चंदनबाला म्हणाल्या. "मनानं, वाचेनं, कायेनं."

"मनानं बी?"

"पिठाचा कोंबडा मारला तरी पाप लागतंय, बाई. तुजी तर चांगली बोलतीचालती माणसं."

शनिवार तर या दहा दिवसांतच येत होता. लपवून लिहिण्याची सोय नव्हती. सुंदरी आईच्या आवाजाशिवाय झोपत नसे, त्यामुळे दुपारी तिला मांडीवर घेऊन लिहिलेलं सगळं अंगाईच्या सुरात वाचावं लागे. शेजारी चंदनबाला डाळ निवडत बसायच्या.

"...आणि वीरधवल गच्चीवरनं पडलाऽऽ..."

"पाडला कुणी?"

"पाय घसरला, आत्ती. आपोआप."

"आपोआप? लिवतीस तू न्हवं?"

कीर्तीनं वीज पाडली. वीज कुणी पाडली, असं विचारलं गेलं. तिनं त्याचं हृदय बंद पाडलं. "त्याचं आयुष्यकर्मच संपलं, आत्ती!"

"ते बी तुज्याच वहीत हाय."

कीर्तीचा नवरा भरतेश मदतीला धावला. "इष घाल की. रातच्या जेवणात."

"रातचं जेवाण?" चंदनबाला कडाडल्या. "एका वाक्यात दोन पापं!"

शनिवारी कीर्तीनं हात टेकले. रक्तांबरेनं सुरी खाली ठेवली, वीरधवलपुढं हात जोडले आणि क्षमा मागितली. तो ढसाढसा रडला. माणूस वाचला, कथेचा तेवढा जीव गेला, असं म्हणत तिनं प्रकरण पाठवलं आणि सुंदरीला कवटाळून फोनची वाट बघत बसली.

फोन आला. "मॅडम, अंगावर काटा आला!" शंभूराज ओरडत होते. "असा शेवट कुणी केलाच नव्हता. वीरधवलला आता अजिबात मारायचं नाही. करारातच लिहितो." चार दिवसांत करार आला आणि कीर्तीनं सही ठोकली.

पर्व संपलं. पारणं झाल्यावर चंदनबालांनी सुनेला स्वयंपाकघरात ओढलं. "नियम सुटला. मार त्याला."

"कुणाला?"

"वीरधवलला! तुजी जुनी पुस्तकं वाचली मी सगळी. लेकुरवाळीला हिरीत ढकलणारा त्यो! निसता रडला, म्हणून सोडतीस व्हय?"

"आत्ती, सही झालीया. त्याला मारायचं न्हाई, असं सायब म्हणत्यात."

चंदनबालांनी पदर खोचला. "कोण सायब? फोन लाव त्येला."