तीन आमऱ्या आणि चंदनाचे हार

आष्ट्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या संयोगिताबाई सगळी कामं स्वतः करायच्या. एकच काम दुसऱ्यावर सोपवलं, तेही नेमकं फ्रेमवाल्या दादासोंवर.

साताऱ्याच्या मानसिंग सरांकडे आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, दुर्मिळ फुलांची चाळीस छापील चित्रं होती. दीड-दोनशे वर्षांपूर्वीची, हातानं रंग भरलेली. त्यातली तीन त्यांनी प्रदर्शनासाठी दिली होती. ती जपली गेली, तर उरलेली सदतीसही कॉलेजला मिळणार होती. नाहीतर सर संयोगिताबाईंना पुन्हा दारात उभं करणार नव्हते.

प्रदर्शनाच्या सकाळी बाई हॉलमध्ये आल्या आणि हबकल्याच. भिंतीवर तीन फ्रेमा, प्रत्येकीला चंदनाचा हार, वर लाल दिवा.

“दादासो, फुलांची चित्रं आहेत हो ही! हार कशाला?”

“म्याडम, बावीस वर्सं गेलेल्या मान्सांचंच फोटू करतोय. आमच्याकडनं हाराबिगर फ्रेम जात न्हाई.”

“काढा आधी!”

“स्क्रू मारल्यात. शिडी आनतो.”

दादासो शिडीला गेले, तेवढ्यात शिपाई मनुबाईंनी दारातूनच हार पाहिले. “तीन मान्सं गेली आन् मला कुनी बोललं न्हाई!” म्हणत त्यांनी उदबत्त्या लावल्या. ते बघून पोरांनी चपला बाहेर काढल्या. बाई समजावत होत्या, तोच चेअरमन आप्पासो तासभर आधीच हजर! हार दिसला की हात जोडायचे, ही त्यांची जुनी सवय. “दोन मिन्टं उभं ऱ्हावा,” ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

चेअरमनच्या शांततेत बोलणार कोण? आणि त्या शांततेत मानसिंग सर आत आले.

ते चित्रांपाशी गेले. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. दोन मिनिटं संपली.

“सर, चुकून झालं...” बाईंना रडूच फुटायचं बाकी होतं.

“उदबत्ती विझवा, कागद जुना हाय,” सर म्हणाले. मग शिडी घेऊन आलेल्या दादासोंकडे वळले. “या दोघींचे हार काढा. पाटणच्या डोंगरात परवाच बघितल्यात मी त्या.”

“आन् तिसरी?”

“ती मी कॉलेजात असताना एकदाच बघितली. चाळीस वर्षं शोधतोय. तिचा राहू द्या.”

दादासो दोन हार काढून शिडीवरून उतरले. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाकीच्या सदतीस फ्रेमाही तुम्हीच करा. हार किती लागतील, ते मी सांगतो.”